भाडेकराराची भाषा : वाचन आणि अर्थबोध

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात भाडेकरार हा लेखनप्रकार तुम्ही बारकाईने वाचला पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव अशा बाजारपेठेच्या गावी कमी मिळकतीच्या कुटुंबाला खोली बहुधा ओळखीने मिळते आणि भाडे तोंडी ठरते. ती खोली खरोखर परवडेल का, हे मात्र कराराच्या शब्दांवर अवलंबून असते.

समजा, एका खोलीचे भाडे दरमहा २,५०० रुपये असून 'वीज व पाणी वेगळे' आहे. दुसरीचे ३,००० रुपये असून त्यात दोन्ही समाविष्ट आहेत. 'वेगळे' या शब्दाचा हिशेब केल्याशिवाय पहिली खोली स्वस्त म्हणता येत नाही.

शब्द आणि कायदा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो; नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. असा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. 'लिव्ह अँड लायसन्स' करारात तुम्ही भाडेकरू नसता. ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी तुम्हाला मिळते. कलम २४ नुसार अशा लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून 'मालक तोंडी तसे म्हणाले होते' या सबबीवर विसंबून सही करू नये.

वाक्यरचनेचे उदाहरण

(अ) 'योग्य वाटेल ती रक्कम वजा करून अनामत परत करण्यात येईल.'

(आ) 'थकीत भाडे व वीजबिल वजा करून उर्वरित अनामत घरमालक ताबा घेतल्याच्या दिवशीच परत करील.'

पहिल्या वाक्यात कर्ता नाही, मुदत नाही आणि वजावटीला मर्यादा नाही. दुसऱ्यात तिन्ही आहेत. दोन-तीन महिन्यांची मजुरी अनामतीत अडकलेल्या कुटुंबासाठी हा फरक केवळ व्याकरणाचा नाही.

स्वयं-अध्ययनासाठी

१. 'गरजेनुसार भाडेवाढ करण्यात येईल' हे वाक्य कर्ता, मुदत व मर्यादा स्पष्ट करून पुन्हा लिहा.

२. परिचयातील एखादा भाडेकरार वाचून त्यातील तीन संदिग्ध शब्द शोधा.