कुष्ठरोगातील दाह आणि स्टिरॉइड औषधांचे कार्य

चंद्रपूर जिल्ह्याचे नाव कुष्ठरुग्णांच्या सेवेशी कायमचे जोडले गेले आहे. कै. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्यास महारोगी सेवा समितीची स्थापना केली. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि हा रोग पूर्णतः बरा होऊ लागला. तथापि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आजही नवे रुग्ण आढळतात. त्यांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात, ‘‘गोळ्या नियमित चालू असताना हात का दुखू लागला, बोटे का वाकू लागली?’’

याचे कारण बहुधा जंतूंची वाढ नसून शरीराने त्यांच्याविरुद्ध केलेला प्रतिकार हे असते. मृत जंतूंचे अवशेषही पेशींना चेतवितात आणि त्या पेशी दाहकारक रसायने निर्माण करतात. कोपराजवळच्या अरुंद जागेतून जाणारा मज्जातंतू सुजतो, दाबला जातो व निकामी होऊ लागतो. यास ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात.

अशा वेळी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले जाते. ते पेशीत शिरून तेथील ग्राहक-प्रथिनास जोडले जाते आणि त्याच्यासह पेशीकेंद्रकात पोहोचते. तेथे दाहकारक रसायने बनविण्याचा आदेश देणारी जनुके मंदावतात. शिवाय प्रोस्टाग्लँडिनसारख्या रसायनांचा कच्चा माल मोकळा करणाऱ्या विकरासही आळा बसतो. चुलीतील सरपणच काढून घ्यावे, तसा हा प्रकार होय.

मात्र स्टिरॉइड जंतू मारीत नाही. म्हणून बहुविध औषधोपचार अपुरा असल्यास तो चालूच ठेवावा लागतो. स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढू शकते, दडलेला क्षयरोग उफाळू शकतो. त्यासाठी आधी तपासणी आवश्यक असते. औषधाची मात्रा काही महिन्यांत हळूहळू उतरवितात. दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते, कारण तोपर्यंत शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावलेली असते.

बधिरता वा अशक्तपणा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाल्यास हाताची शक्ती परतण्याची आशा अधिक असते. धानाची रोवणी करणारा, तेंदूपाने तोडणारा हात हाच येथील कुटुंबाचा आधार आहे. म्हणून लक्षण दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे, अशी सर्व कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे.