इतिहासकाराचे स्वतःचे कागद : जोसेफ नीडम यांच्या संग्रहावरून काही विचार

'इतिहासाची साधने' म्हटले की मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर दप्तरे, बखरी, शकावल्या आणि महजर उभे राहतात. हे सारे इतिहासकाराने जमविलेले कागद होत. इतिहासकाराचे स्वतःचे कागद, म्हणजे त्याची टिपणे, कच्चे खर्डे, पत्रव्यवहार आणि प्रवासातील नोंदी, हे मात्र त्याच्या मागे बहुधा विखुरतात. या दुसऱ्या प्रकारच्या कागदांपासून वाङ्मयाच्या अभ्यासकाला काय मिळते, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. त्यासाठी चीनमधील विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडम (१९००–१९९५) यांचे उदाहरण घेतले आहे. त्यांचे कागद मोठ्या प्रमाणावर टिकले आहेत. शिवाय त्यांच्या संशोधनातील एक धागा बंगळुरूपर्यंत आणि अठराव्या शतकातील मराठी पत्रांपर्यंत येऊन पोहोचतो.

नीडम मूळचे जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३७ साली लू ग्वेइ-जेन ही तरुण संशोधिका चीनमधून केंब्रिजला आली आणि तिच्या सहवासात त्यांना चिनी भाषेची गोडी लागली. १९४३ ते १९४६ या काळात ते ब्रिटिश-चिनी वैज्ञानिक सहकार्य कार्यालयाचे प्रमुख म्हणून चोंगचिंग येथे होते, व युद्धाच्या धामधुमीत त्यांनी तुनहुआंगपर्यंत प्रवास केला. त्यांचे वैयक्तिक कागद केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. ग्रंथमालेच्या कामाचे साहित्य आणि युद्धकाळातील छायाचित्रे त्यांच्याच नावाच्या संशोधन संस्थेत जतन केलेली आहेत.

चीनमधील विज्ञान व संस्कृती यांवरील त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९५४ साली निघाला. योजना सात खंडांची होती आणि पुढे त्या खंडांचे अनेक स्वतंत्र भाग पडत गेले. ही ग्रंथमाला कपाटात ओळीने मांडलेली पाहिली की प्रारंभापासूनच तिचा भव्य आराखडा ठरलेला असावा, असा समज होतो. कागद निराळे सांगतात. चीनमध्ये विज्ञानाची वाढ पुढे का झाली नाही, हा प्रश्न नीडम यांनी १९४२ च्या सुमारास चार शब्दांत टिपून ठेवला होता. १९४८ साली प्रकाशकांपुढे त्यांनी प्रस्ताव मांडला तोही एकाच खंडाचा. छापील ग्रंथ निष्कर्ष हाती देतो. प्रश्न कसा वाढत गेला हे त्याच्या खर्ड्यांतूनच कळते.

कर्तृत्वाच्या वाटणीविषयीही असेच म्हणावयास हवे. पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठावर वांग लिंग यांचे नाव संशोधनसाहाय्यक म्हणून आहे. लू ग्वेइ-जेन यांचे नाव सहलेखिका म्हणून पुढील काळातील भागांवर येते, जरी या उद्योगाची प्रेरणा १९३७ पासूनची असली तरी. चिनी उतारा कोणी शोधला, त्याचा अर्थ कोणी लावला आणि वाक्य कोणी लिहिले, या तीन गोष्टी मुखपृष्ठ वेगळ्या करीत नाही. त्या वेगळ्या करावयाच्या असतील तर टिपणांतील हस्ताक्षरांकडेच वळावे लागते.

आता शब्दांकडे येऊ. चिनी भाषेत 'हुओच्येन' म्हणजे अग्निबाण. प्रारंभी हा शब्द पेटता बोळा बांधून धनुष्याने सोडलेल्या बाणासाठी होता. पुढे तोच स्वतःच्या जोराने उडणाऱ्या दारूच्या नळीला लागला आणि आज अवकाशयानाच्या प्रक्षेपकालाही लागतो. बंदुकीच्या दारूवरील आपल्या १९८६ च्या ग्रंथात नीडम यांना हा गुंता सोडवावा लागला, कारण शब्द तोच राहिला तरी वस्तू बदलली होती. मराठीत 'बाण' या शब्दाची हीच कथा आहे. पेशवेकालीन पत्रांत 'बाण' येतो तेव्हा तो बहुधा धनुष्याचा नसतो, दारूचा असतो. म्हैसूरच्या सैन्यातील लोखंडी नळीचे बाण तर युरोपातही गाजले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्ह यांच्या प्रयोगांना त्यांतून चालना मिळाली. बंगळुरूचे वैमानिकीशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी या बाणांवर १९८५ साली निबंध लिहिला. चिनी ग्रंथ, म्हैसूरचे बाण आणि मराठी पत्रे ही एकत्र वाचावयाची तर प्रत्येक ठिकाणी शब्दाचा अर्थ कोणत्या उताऱ्यावरून ठरला हे माहीत हवे. ही माहिती कोशात क्वचितच असते. ती अभ्यासकाच्या टिपणात असते.

मात्र वैयक्तिक कागद म्हणजे सत्याचा दाखला नव्हे. १९५२ साली कोरिया व चीनमधील जंतुयुद्धाच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगावर नीडम होते, आणि आरोप खरे असल्याचा निर्वाळा आयोगाने दिला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांनी त्या पुराव्याविषयी गंभीर शंका उत्पन्न केली. वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. अशा प्रसंगी नीडम यांचे कागद त्यांनी काय पाहिले आणि कशावर विश्वास ठेवला एवढेच सांगू शकतात. घडले काय, ते इतर साधनांनीच ठरवावे लागते.

आपल्याकडे वि. का. राजवाडे यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९२६ साली त्यांचे निधन झाल्यावर धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या धातूंविषयीच्या टिपणांतून कृ. पां. कुलकर्णी यांनी धातुकोश संपादित केला, तो त्या मंडळाने प्रसिद्ध केला. टिपणे जपली गेली नसती तर तो कोशच झाला नसता. तथापि मराठीत अशा संग्रहांतून 'महत्त्वाची' पत्रे निवडून छापण्याकडे आणि उरलेले कागद बाजूला सारण्याकडे कल दिसतो. आज क्षुल्लक वाटणारी चिठ्ठी उद्याच्या अभ्यासकाला एखाद्या शब्दाच्या अर्थाची किंवा एखाद्या अनामिक साहाय्यकाची साक्ष देईल. म्हणून कागद मूळ क्रमाने ठेवावेत, तारखा व हस्ताक्षरे नोंदवावीत, हयात व्यक्तींविषयीचा खाजगी भाग काही काळ बंद ठेवावा, पण फाडून टाकू नये. भारतीय भाषांच्या विभागांनी आपल्या निवृत्त अध्यापकांच्या टिपणवह्यांपासून या कामास प्रारंभ केला, तर त्यासाठी केंब्रिजपर्यंत जाण्याची गरज नाही.