आकाशगंगा पाहायची? आधी अंधाराचे पैसे बाजूला काढा

दुर्बिणीच्या दुकानात ‘आकाशगंगा दिसेल ना?’ विचारलं की ‘दिसेल की!’ हेच उत्तर मिळतं. त्यावर विसंबून वीस-पंचवीस हजार मोजले जातात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. आपण आकाशगंगेच्या तबकडीच्या आतच आहोत, म्हणून ती आभाळभर पसरलेल्या पट्ट्यासारखी दिसते. घरगुती दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा जेमतेम एखाद-दुसरा अंश मावतो. पट्ट्यासाठी नुसते डोळे पुरतात. खर्च येतो तो अंधारापर्यंत पोचायला.

तारीख चुकली तर सगळाच खर्च पाण्यात. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरा. सर्वांत तेजस्वी भाग वृश्चिकेच्या नांगीतलं मूळ नक्षत्र आणि धनू रास यांच्याजवळ आहे. मार्चमध्ये तो पहाटे चारच्या सुमारास, एप्रिलात दोननंतर, मेमध्ये मध्यरात्रीच चांगला वर आलेला असतो. पावसाळ्यात नाद सोडा. ऑक्टोबरात मात्र मुलांना जागवावंही लागत नाही: साडेसात ते नऊ, नैर्ऋत्येला. डिसेंबरात हा भाग सूर्याच्या बाजूला जातो, आणि मृगाजवळचा पट्टा फिकाच असतो. तेव्हा ‘मिल्की वे कॅम्प’ कुणी विकत असेल तर दोनदा विचार करा.

मुंबई-पुणेकरांना भंडारदऱ्याची बाजू सोयीची. तंबू, जेवण, नाश्ता मिळून माणशी साधारण हजार ते दोन हजार. चौघांत गाडीखर्च वाटला तर तीनेक हजारांत रात्र होते. मेअखेरीचे, जूनचे काजव्यांचे शनिवार-रविवार टाळा, हेडलाइटच्या रांगांत काही दिसत नाही. विदर्भवासीयांचं नशीब मोठं: पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मुंबईचं खगोल मंडळ किंवा पुण्याची 1944 पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांच्या आकाशदर्शनाला जावं. तिथे शुल्क भरून जाणकार माणूस मिळतो, आणि महागड्या दुर्बिणीपेक्षा तो कामाचा.

खासगी कॅम्प असेल तर पैसे भरण्याआधी विचारा: रात्री दिवे आणि डीजे किती वाजता बंद होतात? शेकोटी कुठे? ढग आले तर पैसे परत की पुढची तारीख? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. आणि जाहिरातीतले जांभळे-गुलाबी रंग डोळ्यांना दिसत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, मग दुधट पट्टा उमटतो आणि त्यात धुळीच्या काळ्या चिरा.

खरेदी करायचीच तर बॅटरीवर लावायला लाल जिलेटिन कागद, दहा-वीस रुपयांचा. मग 10×50 ची द्विनेत्री, साधारण पाच ते दहा हजार. धनूतले तारकामेघ तिच्यात फार सुंदर दिसतात. फोनसाठी पाचशे-हजाराचा ट्रायपॉड पुरतो. मोठी दुर्बीण वर्षभरानंतर, हौस टिकली तर.

समजून घ्यायला फारसा खर्च नाही. स्टेलेरियम संगणकावर मोफत चालतं. आकाशगंगेचं प्रत्यक्ष केंद्र सुमारे 26 हजार प्रकाशवर्षं दूर, धुळीआड दडलेलं. तिथून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र धुळीला जुमानत नाहीत. त्या टिपणाऱ्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात आहेत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला सर्वांसाठी प्रदर्शन भरतं. तारीख आधी विचारून घ्या आणि सकाळी लवकर पोचा.