आगगाडीचे संग्रहालय : सहलीपूर्वीचा एक पाठ
(इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांसाठी)

दिल्लीतील चाणक्यपुरी भागात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय असून ते १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झाले. तेथे गेलेल्या मुलांचे लक्ष प्रथम आवारातून फिरणाऱ्या लहान गाडीकडे वेधले जाते, हे स्वाभाविकच होय. त्यांस त्या गाडीत अवश्य बसवावे. परंतु त्यापूर्वी वाफेच्या जुन्या एंजिनापाशी न्यावे, आणि त्याहीपूर्वी वर्गात पुढील विषय समजावून द्यावा.

प्रस्तुत लेखकास एका विद्यार्थ्याने विचारले होते, "गुरुजी, धुरामुळेच गाडी पळते ना?" तास संपत आला होता, म्हणून मी "हो" म्हटले. वार्षिक परीक्षेत त्याने तेच उत्तर लिहिले, तेव्हा गुण कोणाचे कापावेत हे मला कळेना.

धूर गाडी ओढीत नाही. भट्टीतील तप्त वायू बॉयलरमधील नळ्यांतून जातात आणि नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होते. मोकळ्या हवेत वाफ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा व्यापते. बंद बॉयलरमध्ये तितकी जागा न मिळाल्याने तिचा दाब वाढतो. ही कोंडलेली वाफ नळकांड्यात शिरून दट्ट्यास आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते व त्यास जोडलेला दांडा चाक फिरवितो. काम झालेली वाफ धुराड्यातून निसटताना भट्टीतील जाळ फुलविते. मुले ज्याची नक्कल करतात तो 'झुकझुक' आवाज तिचाच. दोन नळकांड्यांच्या साध्या एंजिनात चाकाच्या एका फेऱ्यास तो चार वेळा होतो. चहाच्या किटलीचे उडणारे झाकण वर्गात दाखवावे. भांड्याचे तोंड घट्ट बंद करून मात्र प्रयोग कदापि करू नये.

संग्रहालयात पतियाळा संस्थानातील एकरुळी गाडीचे एंजिन आहे. ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली व १९२७ मध्ये बंद पडली. पुढे भंगारात पडलेले तिचे अवशेष १९६२ मध्ये जाणकारांच्या दृष्टीस आले आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात एंजिनाची दुरुस्ती झाली. एकाच रुळावर उभे असलेले एंजिन कलंडत का नाही, असा प्रश्न मुलांस तेथेच विचारावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये. बाजूस रस्त्यावर टेकलेले, तोल सांभाळणारे मोठे चाक त्यांनीच शोधून काढावे. मग लहान गाडीची तिकिटे काढावीत.