घरातला हॅलोजन बदलताना

लग्नाच्या मांडवात हॅलोजन लागतो तो चार तासांपुरता. पण कित्येक घरांत तो कायमचाच मुक्कामाला असतो. अंगणात पाचशे वॉटचा मोठा आणि नव्या बंगल्यात दिवाणखान्याच्या छतात बसविलेले पन्नास वॉटचे लहान दिवे. त्यांच्या जागी एलईडी लावावेत असे आता बहुतेकांना वाटते, पण वाटते ते विजेचे बिल पाहून. तो हिशेब सोपा आहे. ५०० वॉटचा हॅलोजन रोज चार तास जळला तर महिन्याला ६० युनिट होतात, ५० वॉटच्या एलईडी फोकसचे ६. प्रकाश थोडा कमी पडतो, परंतु घरगुती अंगणाला तेवढा पुरे होतो. आमचा विषय मात्र बिल नाही, प्रकृती आहे.

हॅलोजन हा मुळात जुन्या पिवळ्या बल्बचाच भाऊ. आत टंगस्टनची तार आणि सोबत थोडे आयोडीन किंवा ब्रोमीन. तार पांढरीशुभ्र तापते तेव्हा प्रकाश पडतो. खर्च झालेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो आणि वरची काच अडीचशे अंश सेल्सिअसच्याही पुढे तापू शकते. पडदा, कागदी आरास किंवा वाळलेले गवत तिच्याजवळ आले की आगीला निमित्त मिळते. दिवा बंद केल्यावरही काच काही मिनिटे चटका देण्याइतकी गरम राहते, आणि नेमके तेव्हाच कोणीतरी हात लावतो.

भाजलेच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटे धरावा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरांना ती नीट दिसतही नाही. बांगडी, अंगठी सूज येण्यापूर्वी काढून घ्यावी.

दिवा बदलताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण पुष्कळदा न्यूट्रलवर जोडलेले असते, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज असतेच. मेन स्विच बंद करावा, दिवा पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि प्लास्टिकच्या डगमगत्या स्टुलावर चढू नये. साठीच्या पुढच्यांनी तर हे काम वायरमनवरच सोपवावे. दिव्यापेक्षा खुब्याचे हाड महाग पडते! छतातले लहान दिवे बहुधा १२ व्होल्टचे असतात व त्यांना ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला ठराविक किमान भार लागतो. एलईडीचा भार फारच कमी, म्हणून जुन्याच ट्रान्सफॉर्मरवर तो लुकलुकतो. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरही बदलावा.

एलईडीने डोळे जातात का, असे पुष्कळजण विचारतात. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने २०१८ साली याचा अभ्यास केला. नेहमीच्या वापरात निरोगी माणसांना घरगुती एलईडीपासून अपाय होतो असा पुरावा समितीला आढळला नाही. तरी उघड्या दिव्याकडे टक लावून पाहू नये. लहान बाळाच्या पाळण्यावर तो नसावा.

खरा प्रश्न रंगाचा आहे. दुकानदार मागितल्याशिवाय ६५०० केल्विनचा पांढरा दिवा हातात देतो, कारण तो झगझगीत दिसतो. त्यात निळा अंश जास्त असतो, आणि रात्री हा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला दाबतो. निजायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवाच घ्यावा. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. वॉटऐवजी ल्यूमेनचा आकडा पाहावा. जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका प्रकाश सुमारे ८०० ल्यूमेनचा दिवा देतो.

घरात वृद्ध माणसे असतील तर आणखी एक पथ्य. वयानुसार डोळ्यात कमी प्रकाश शिरतो, म्हणून त्यांना उजेड जास्त हवा. पण मोतीबिंदू असेल तर तोच उजेड डोळ्यांवर येऊन दिपवतो. दिव्याला दुधी झाकण असावे. न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर, जमिनीलगत, मंद पिवळा दिवा रात्रभर ठेवायला हरकत नाही. बिल किरकोळ येते.

स्वस्त एलईडी पुष्कळदा डोळ्यांना न जाणवेल इतक्या वेगाने लुकलुकतात, आणि अर्धशिशीच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धरावा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर नको, माळ्यावर लावावा.