टॉपचा बेस करायचा आहे?

नागपूरच्या इतवारीत माझं स्पीकरचे कोन आणि कॉइल बदलून देण्याचं दुकान आहे. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची मिरवणूक निघते, पाठोपाठ गणपती बसतात आणि विसर्जन आटोपलं की माझा सीझन सुरू होतो. फाटलेला स्पीकर उघडला की तो कशाने गेला ते दिसतं. कॉइल काळीठिक्कर आणि जळक्या वार्निशचा वास असेल, तर तो गरमीने गेला. कोणीतरी अँप क्लिप होईस्तोवर ओढला. पण कॉइल लालबुंद तांब्याची, शाबूत, मात्र तिच्या नळीची खालची कडा चेपलेली आणि स्पायडर फाटलेला दिसला, की मी विचारतो, ‘टॉपचा बेस केला होता काय?’ बहुतेकदा समोरचा मान डोलावतो.

महाल भागातल्या एका मंडळाच्या पोराचं तेच झालं. १५ इंची स्पीकर आणि वर हॉर्न, असे टू-वे बॉक्स, म्हणजे टॉप, त्याच्याकडे होते. बेस भाड्याने आणायला पैसे नव्हते. त्याने हॉर्न काढला, भोकावर प्लाय ठोकली आणि अँपवर ४० हर्ट्झचा बेस चढवला. चौकात पहिलं गाणं दणक्यात वाजलं, मिरवणूक वळेपर्यंत बॉक्स खडखडायला लागला. ‘भाऊ, अँप बी पाचशेचा, स्पीकर बी पाचशेचा. मंग फाटला काऊन?’

त्याचा सवाल रास्त होता. बॉक्सवर छापलेले वॅट म्हणजे कॉइल किती गरमी सोसते त्याचा हिशेब. कोन किती मागेपुढे धावू शकतो, ते त्या आकड्यात नसतं. त्यासाठी डेटाशीटमधला एक्समॅक्स बघावा लागतो. टॉपमधल्या १५ इंचीचा तो साधारण ४-५ मिलिमीटर असतो, बेससाठीच बनवलेल्या १८ इंचीचा बहुधा त्याच्या दुप्पट. आणि खालचा सूर स्ट्रोक मागतो. ८० हर्ट्झला कोन २ मिलिमीटर हलत असेल, तर तेवढाच आवाज ४० हर्ट्झला काढायला उघड्या कोनाला ८ मिलिमीटर हलावं लागतं. वर इक्वलायझरने ६ डेसिबल चढवले की अँपकडून चौपट पॉवर जाते आणि स्ट्रोक दुप्पट होतो. कॉइलची नळी मागच्या पत्र्यावर आपटणारच.

पोर्टवाल्या बॉक्सची आणखी एक खोड आहे, आणि ती पाहायला यंत्र लागत नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि ८० हर्ट्झपासून हळूहळू खाली या. कोनावर खडूचा ठिपका काढला तर बरं दिसतं. एका ठिकाणी कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टमधून हवा जोरात यायला लागते. तो त्या बॉक्सचा ट्यूनिंगचा आकडा. त्याच्या थोडं जरी खाली गेलात, तर कोन सैरभैर हलताना दिसेल, आवाज मात्र नाही. बॉक्समधली हवा कोनाला आवरते ती त्या आकड्यापर्यंतच. टॉपचे बॉक्स बरेचदा ५०-५५ च्या आसपास ट्यून केलेले असतात. पोराचा बॉक्स ५२ ला थांबला आणि त्याने जोर दिला होता ४० वर.

तेव्हा आधी हा आकडा काढा आणि क्रॉसओव्हरवर हाय-पास तिथेच, फार तर ३-४ हर्ट्झ खाली लावा, २४ डेसिबलच्या उताराने. वरून १०० हर्ट्झला लो-पास. एवढ्यात बसेल तो तुमचा बेस. त्याखालचं गाण्यात असलं तरी सोडून द्या. माझ्या मते छातीत बसणारा ढोलाचा ठोका बराचसा ६० ते १०० मध्येच असतो, चाळिशीच्या मागे धावणं ही नुसती हौस आहे.

हॉर्न काढलात तर आतलं क्रॉसओव्हरचं सर्किटही काढा आणि स्पीकर थेट जॅकला जोडा. हॉर्नविना राहिलेला कंडेन्सर-कॉइलचा भाग ठरावीक सुरावर अँपला जवळपास शॉर्टसारखा दिसू शकतो. भोकावर १८ मिलिमीटरची प्लाय, खाली रबरी पट्टी आणि भरपूर स्क्रू. फट राहिली तर शिट्टी वाजते. कोनावर वजन चिकटवून रेझोनन्स खाली आणायचा उद्योग काही जण करतात. आकडा खाली येतो, पण आवाजही घटतो, आणि उन्हाळ्यात लॉनच्या लग्नात ते वजन सुटून आलं की पुन्हा माझ्याकडे. पोर्ट लांब केला तर ट्यूनिंग खरोखर खाली उतरतं. पण खालच्या सुराला लागणारा स्ट्रोक कुठून आणणार?

फुकटचा बेस हवा असेल तर बॉक्स स्टेजच्या दोन टोकांना ठेवू नका. दोन्ही जमिनीवर, एकमेकांना चिकटून, शक्य तर मागे पक्की भिंत. त्याआधी दीड व्होल्टचा सेल प्लस-मायनसला लावून दोन्ही कोन एकाच दिशेला उडी मारतात का ते बघा. एकाची वायर उलटी असेल, तर दोघे मिळून एकापेक्षाही कमी बेस देतील.

असे बदललेले बॉक्स भजनाच्या हॉलला, वाचनालयाच्या कार्यक्रमाला, छोट्या लग्नाला छान चालतात. मिरवणुकीला मात्र नाही. उघड्या रस्त्यावर ना भिंत, ना छत. पोरं आवाज वाढवतच जातात. तिथे खरे बेस भाड्याने आणा. आणि रात्री १० नंतर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातून मोजके दिवस १२ पर्यंत सूट देतं तेवढी सोडून. मोजणारं मीटर बहुधा डीबी-ए मध्ये असतं, ते ५० हर्ट्झचा बेस ३० डेसिबलने कमी दाखवतं. आकडा ठीक दिसतो, शेजारच्या म्हातारीची खिडकी मात्र थरथरत असते. तक्रार आकड्यावरून होत नाही.

काढलेला हॉर्न, सर्किट आणि स्क्रू एका पिशवीत घालून बॉक्सच्या नंबरासकट ठेवा. पुढे टॉप कमी पडतात, नाहीतर बॉक्स विकायचा असतो, आणि माझ्याकडे येणारे पुष्कळ जण हॉर्न भंगारात देऊन बसलेले असतात.