यीस्टची नावे का बदलतात?



पाव फुगवणारे यीस्ट तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. एकपेशीय कवक, कलिकायनाने वाढणारे, एवढे आपण पाठही केलेले असते. पण यीस्ट म्हणजे एकच जात नव्हे. यीस्टच्या हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि गेल्या काही वर्षांत त्यांतल्या अनेकांची शास्त्रीय नावे बदलली आहेत. शास्त्रज्ञांना नावे बदलण्याची हौस आहे काय? मुळीच नाही. त्यामागचे कारण आज समजून घेऊ.

घोडा आणि बैल पाहताक्षणी वेगळे ओळखता येतात. यीस्टचे तसे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक जाती सारख्याच, गोल किंवा लंबगोल दिसतात. म्हणून पूर्वीचे शास्त्रज्ञ त्यांच्या सवयी तपासत. कोणती जात कोणती शर्करा वापरते? लैंगिक पुनरुत्पादनाने बीजाणू तयार करते का? ज्यांचे असे बीजाणू कधी दिसले नाहीत, त्या अनेक जातींना 'कँडिडा' या प्रजातीत जागा मिळाली. कँडिडा ही जणू धर्मशाळाच झाली. पण धर्मशाळेत एका रात्री उतरलेली माणसे एका कुटुंबातली असतातच असे नाही.

खरे नाते कसे ओळखायचे? पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घेत. नक्कल करताना एखादे अक्षर चुकले, की त्या नकलेवरून केलेल्या पुढच्या प्रतींतही तीच चूक येई. म्हणून दोन प्रतींत समान चुका सापडल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे अनुमान करता येते. डीएनए हीसुद्धा चार अक्षरांची पोथी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नकला होतात, अधूनमधून अक्षरे बदलतात. ज्यांच्यात फरक कमी, त्यांचे नाते जवळचे.

अमेरिकेतील क्लेटस कर्ट्झमन आणि क्रिस्टी रॉबनेट यांनी १९९८ मध्ये सुमारे ५०० जातींच्या यीस्टमधील एकाच जनुकाचा सुमारे ६०० अक्षरांचा तुकडा वाचून पडताळला. हे जनुक रायबोसोमच्या जडणघडणीशी संबंधित असल्याने प्रत्येक सजीवात असते. त्यातून एक ढोबळ नियम हाती आला. तीन अक्षरांपर्यंत फरक असेल तर बहुधा जात एकच. सहा किंवा अधिक अक्षरांचा फरक असेल तर बहुधा जाती वेगळ्या. धर्मशाळेतील पाहुण्यांची खरी घरे आता सापडू लागली.

एक उदाहरण पाहा. रुग्णालयात आजार निर्माण करणारे एक यीस्ट 'कँडिडा क्रुसेई' म्हणून ओळखले जाई. कोकोच्या बिया आंबवताना आढळणारे 'पिचिया कुद्रियावझेव्ही' हे दुसरे नाव. एकाच कवकाच्या लैंगिक व अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावे देण्याची तेव्हा पद्धत होती. २०११ मध्ये मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ती बंद करून 'एक कवक, एक नाव' हे तत्त्व स्वीकारले गेले. २०१८ मध्ये दोन्हींच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना झाली, तेव्हा ही एकच जात असल्याचे स्पष्ट झाले. औषधांना दाद न देण्याची ताकदही दोन्हीकडे सारखीच आढळली. नावे दोन असल्याने अन्नशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकाच जिवाचा वेगवेगळा अभ्यास करीत होते!

याच्या उलटही घडते. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात नवे यीस्ट सापडले. लॅटिनमध्ये कानाला 'ऑरिस' म्हणतात, म्हणून त्याचे नाव 'कँडिडा ऑरिस' ठेवले. २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णालयांतूनही त्याची नोंद झाली. शर्करेच्या नेहमीच्या चाचण्या त्याला 'कँडिडा हेम्युलोनाय' या त्याच्या नातेवाइकाच्या नावाने ओळखत. जनुक वाचले तेव्हाच फरक कळे. फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला हे यीस्ट सहसा दाद देत नाही आणि रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. म्हणजे ओळख चुकली तर उपचार चुकण्याची आणि साथ पसरण्याचीही भीती. २०२४ मध्ये त्याला 'कँडिडोझायमा' या नव्या प्रजातीत घेतले गेले.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तपासणीच्या अहवालात अनोळखी नाव दिसले, तर तो नवा रोगच असेल असे नाही. जुन्या ओळखीच्या जिवाचे ते नवे नाव असू शकते, डॉक्टरांना विचारावे. पावाच्या यीस्टचे 'सॅकरोमायसिस सेरेव्हिसी' हे नाव मात्र कायम आहे.

विद्यार्थ्यांनो, पुस्तकातील नाव बदलले म्हणजे विज्ञान चुकले असे समजू नका. अधिक चांगला पुरावा मिळाल्यावर जुने मत सोडण्याची तयारी हेच विज्ञानाचे बळ आहे.

विचार करा :
१) केवळ दिसण्यावरून वर्गीकरण केल्यास कोणत्या चुका होऊ शकतात?
२) एकाच जिवाला दोन नावे असल्याने कोणते नुकसान होते?
३) वटवाघूळ उडते, तरी आपण त्याला पक्ष्यांत का धरत नाही?